फटफट्याचा कोंडलेला श्वास

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही जिवाच्या आकांताने पळत आहात आणि कुणीतरी मायेनेच तुमचं नाक-तोंड दाबून धरलं आहे. चार पावलांत तुम्हाला धाप लागते. भोवतालची माणसं मात्र तुमचे पाय चोळत बसतात! माझी एकदा अगदी हीच गत झाली होती.

मी जुना फटफट्या. म्हणजे होडीच्या पाठीला अडकवायचं इंजिन. डोक्यावर पेट्रोलची टाकी आणि खाली पाण्यात फिरणारा पंखा, एवढाच माझा संसार. महायुद्धात मी ब्रह्मदेशातल्या नद्यांवर जवान वाहिले. युद्ध संपलं आणि लष्कराने मला मोडीत काढलं. फौजेतून परतलेल्या आकाराम नावाड्याने मला पुण्याहून पोत्यात गुंडाळून सांगलीजवळच्या आपल्या कृष्णाकाठच्या गावी आणलं.

गावात माझं फार कौतुक झालं. वल्ह्यांनी अर्धा तास लागणारी नदी मी दहा मिनिटांत ओलांडत असे. हळूहळू वल्ही गोठ्यात जाऊन पडली. तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती.

१९४७ सालची खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. आकारामची नऊ वर्षांची मुलगी साळू हिने माझी पूजा केली. मला पुसलं, झेंडूची माळ घातली आणि टाकीच्या झाकणावर मधोमध ओल्या कुंकवाचा जाड टिळा लावला. नेमकं तिथेच एक बारीक छिद्र होतं. टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं तसतशी त्या छिद्रातून हवा आत यावी लागते. कुंकू वाळलं आणि माझा श्वास कोंडला. मला बोलता येत असतं तर!

दुसऱ्या दिवशी सकाळीच साळूची आई मनुबाई बाळंतपणात अडली. सुईणीने हात टेकले. डॉक्टर पैलतीराला. आकारामने बायकोला होडीत निजवलं. उशाशी त्याची थोरली बहीण राहीबाई बसली. साळू पुढे.

परतीच्या पावसाने नदी फुगली होती. मी जोमाने निघालो आणि पाव नदी ओलांडताच बंद पडलो.

आकारामने माझा प्लग काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. झाकण उघडून पेट्रोल पाहिलं. दोरी ओढली. मी सुरू झालो. थोड्या वेळाने पुन्हा बंद! त्याने पंख्यात शेवाळ अडकलंय का ते चाचपलं, पुन्हा झाकण उघडलं, दोरी ओढली. मी थोडा चाललो आणि मधल्या धारेत गप्प झालो. होडी खाली वाहू लागली. खाली दगडी बंधारा होता. पाण्याचा घोष ऐकू येत होता. होडी रेटायचा लांब वासा तळाला लागेना.

"वल्ही ठिवली गोठ्यात, अन् ह्या लोखंडाच्या जावयाला बसवलंस डोक्यावर!" राहीबाई कडाडली.

"आक्का, गप बस की जरा! सुचू दे मला!" आकाराम खेकसला. तो पुन्हा प्लगच काढू लागला.

साळू मात्र माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"आबा, झाकण उघडलं की सुस्स आवाज येतुय. अन् मगच ह्यो चालतुय. दोन्ही येळंला तसंच झालं."

"मग?"

"पपईच्या देठात पाणी भरून वरनं बोट दाबलं, की पाणी खाली पडत न्हाई, तसं झालं आसंल. माजा टिळाच आडवा आलाय." ती मागे माझ्यापाशी सरकली. "म्याच बुजवलंय, आबा."

तिने झाकणाकडे हात नेला. राहीबाईने तो धरला.

"आगं ए पोरी! सवाशीण बाई म्होरं निजलीया, अन् दसऱ्याच्या दिशी कुंकू पुसतीस व्हय?"

साळूचा हात थांबला. आईच्या जिवाला अपशकुन झाला तर? आकारामही क्षणभर अडखळला. बंधाऱ्याचा आवाज मोठा झाला होता.

"पुसत न्हाई आत्ती, काढून घेतीया," साळू म्हणाली. तिने नखाने कुंकू खरवडलं, तळहातावर घेतलं आणि मनुबाईच्या घामेजल्या कपाळावर लावलं. राहीबाईने हात मागे घेतला. साळूने केसांतला आकडा काढून छिद्र मोकळं केलं.

सुस्स!

आकारामने दोरी ओढली. मी सुरू झालो आणि काठाला टेकेपर्यंत थांबलो नाही. मनुबाईला गाडीत घालून सगळे दवाखान्याकडे धावले. होडी राखायला साळू मागे राहिली.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आम्हा यंत्रांना जरूर पुजा. पण आमचा श्वास कुठून चालतो ते आधी विचारून घ्या. आणि यंत्र कितीही चांगलं असो, वल्ही घरी ठेवू नका.

दिवस कलला तरी साळू काही खात नव्हती. एवढ्यात राहीबाई चढणीवरूनच ओरडत आली, "साळे, भाऊ झाला गं! आई बरी हाय तुजी!"

साळू उठली. तिने आधी माझा पेट्रोलचा नळ बंद आहे ना ते पाहिलं. मग काठावरच्या ओल्या वाळूत बसकण मारून ती मोठमोठ्याने रडू लागली.