माझ्या पोटात काय आहे?

मित्रांनो, मी एक जुनी वाळूची पिशवी आहे. हसू नका! पिशवीला कसलं आलंय आयुष्य, एका जागी पडून तर राहायचं, असंच तुम्हाला वाटलं ना? पडून राहणं हे माझं काम आहे, ते खरं. पण माझा स्वभाव नेमका उलटा. मला घडीभरसुद्धा चैन पडत नाही. आताही ही गोष्ट कुठून सुरू करू आणि शेवट आधीच सांगून टाकू की काय, असं मला झालं आहे.

नशिराबादच्या हबीबभाईंनी मला शिवलं. ते रिक्षांच्या सीट शिवतात. तपकिरी रेक्झिनचे दोन तुकडे, दुहेरी टाका, आणि पोटात गिरणा नदीची वाळू, बरोबर तीन किलो. वाहत्या नदीतली वाळू पिशवीत कोंडली की ती गप्प कशी बसेल? माझ्या चुळबुळ्या स्वभावाचं खापर मी तिच्यावरच फोडते.

तिथून मी जळगावातल्या एका तपासणी केंद्रात आले. एक्स-रे काढताना माणूस हलला की फोटो पुसट येतो. म्हणून दुखऱ्या पायाला किंवा हाताला मला हळूच टेकवून ठेवत. फोटोच्या वाटेत मात्र यायचं नाही, नाहीतर हाडाऐवजी माझीच सावली दिसायची. बाजूला बसायचं आणि पायाला धीर द्यायचा, एवढंच काम.

मला उचलून ठेवणारे हात तोताराम नानांचे. नाना धरणगावकडचे, केंद्रातले सगळ्यात जुने मदतनीस. त्यांची एक पद्धत होती. रुग्णाला ते न सांगता कधी हात लावत नसत. आधी ट्रॉलीचा ब्रेक पायाने दाबून बघायचे, मग रुग्णाच्या डोळ्यांत बघून म्हणायचे, "आते उचलस बरं, अक्का. तीन म्हणसू तवय." मग एक, दोन, तीन, आणि चारही बाजूंचे हात एकदम उचलायचे. पाठीला इजा झालेल्या माणसाला तर ते ओंडक्यासारखं एका रेषेत वळवायचे, मान एकीकडे आणि कंबर दुसरीकडे असं कधी होऊ दिलं नाही. नानांचं कौतुक व्हायचं तेव्हा थोडं माझंही व्हायचं. "ही पिशवी मोठी गुणाची शे," असं ते सगळ्यांना सांगायचे.

मग माझा टाका उसवला. वाळू गळू लागली, मी हलकी झाले, आणि लहान मुलं मला लाथेने उडवू लागली. मी कोपऱ्यात गेले. दोन महिने कोणी विचारलं नाही. शेवटी नानांनाच दया आली. त्यांच्या ओळखीच्या एका लेथवाल्याकडे लोखंडाचा बारीक चुरा पडून होता. नानांनी तो दोन मुठी, चार मुठी करत माझ्या पोटात भरला, स्वतःच्या हाताने टाका घातला आणि काट्यावर ठेवलं. तीन किलोच्याही वर! नाना खूश झाले. मीही खूश झाले. एक्स-रेच्या खोलीत त्याने काही बिघडत नव्हतं, खोटं कशाला बोलू?

पण पुढच्या वर्षी मागच्या बाजूला एमआरआयचं नवं मशीन आलं.

मित्रांनो, हे मशीन म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक आहे. दिवे बंद करा, मशीनवाले चहाला जाऊ द्या, ते चुंबक चालूच असतं. लोखंडाची वस्तू आत गेली की ते ती खेचून घेतं, आणि मधे कोण झोपलं आहे हे काही बघत नाही. दारापुढे जमिनीवर पिवळी रेघ मारली होती. एकदा झाडू मारताना मला त्या रेघेच्या जवळ ठेवलं, तेव्हा माझ्या पोटातला चुरा एका अंगाला सरकल्याचा मला भास झाला. त्या दिवसापासून माझी झोपच उडाली. माझ्या पोटात काय आहे ते नानांना माहीत होतं, पण ते विसरून गेले होते. बाकी कोणी विचारत नव्हतं. आणि मला तोंड नव्हतं.

आता ज्यासाठी मघापासून घाई करते आहे, तो दिवस सांगते.

रावेरकडच्या कुंदाबाई केळीच्या बागेत पाय घसरून पाठीवर आपटल्या होत्या. त्यांची मुलगी मोहिनी त्यांना घेऊन आली. पायांची जाणीव कमी कमी होत चालली होती. पाठीतली नस कुठे दाबली गेली आहे हे फोटोत दिसलं, तर धुळ्याचे सर्जन त्याच दिवशी ऑपरेशन करणार होते. उशीर झाला तर पाय कायमचे जातील, असं त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. पण कुंदाबाईंचा डावा पाय मधूनच जोरात झटका द्यायचा, त्याबरोबर कंबर हलायची आणि फोटो पुसट यायचा. दोनदा प्रयत्न झाला. दोन्ही वेळा फोटो वाया गेला, आणि कुंदाबाईंना पुन्हा बाहेर ट्रॉलीवर घ्यावं लागलं.

मशीन चालवणाऱ्या नौशीन मॅडम म्हणाल्या, "मावशी, थोडा वेळ पाय हलवू नका."

"मी काऊन हालवू वं माय?" कुंदाबाई रडकुंडीला आल्या. "तो माह्य ऐकतच नाही. आपलाआपण उडते."

नाना दारात उभे होते. त्यांना ते बघवेना. ते धावत एक्स-रेच्या खोलीत आले, मला उचललं आणि थेट कुंदाबाईंच्या ट्रॉलीवर, एमआरआयच्या खास बिनलोखंडी ट्रॉलीवर, दोन्ही पायांच्या मधे, चादरीखाली ठेवलं. "आते कशा उडस पाय, दखसू," म्हणाले. मायेपोटीच केलं हो त्यांनी! मी मात्र चादरीखाली नुसती तडफडत होते. ट्रॉली ढकलली जात होती. चाकांचा आवाज येत होता. पिवळी रेघ जवळ आली. मी आत गेले, तर उडून कुंदाबाईंच्या अंगावर आदळणार होते. मी सापडले, तर माझं पोट फाडलं जाणार होतं. खरं सांगते, मला भीती दोन्हीची वाटली. पण मी मनातल्या मनात एकच ओरडत होते, मला सापडू दे.

नौशीन मॅडमना चादरीखालचा उंचवटा दिसला. "नाना, हे काय?"

"काही नही, ताई. वाळूनी पिशवी शे."

"आत नको. आधी सांगा, वाळू कुठली?"

"गिरणानी. नदीनी वाळू, तिले काय व्हस?"

मॅडमनी एकदम ट्रॉली धरली आणि उलटी मागे ओढली. त्या मूळच्या भडगावच्या, गिरणेच्या काठावर वाढलेल्या. लहानपणी जुन्या रेडिओतलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून त्या वाळूतून फिरवायच्या. चुंबकाला काळ्या कणांची दाढी यायची, आणि मग सगळ्या मैत्रिणी ती कोणाची मोठी ते बघायच्या. गिरणेच्या वाळूत लोखंडाचे कण असतात, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाने सांगायची गरज नव्हती.

बाहेर ड्रॉवरमधे त्यांचं छोटं चुंबक होतं. ते त्यांनी माझ्या पोटाला लावलं. टक्! चिकटलं, आणि ओढलं तरी सुटेना.

"नाना, एवढं वाळूने होत नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

नाना भिंतीला टेकले. त्यांचा चेहरा उतरला. "मन्हीच चूक शे, ताई. मीच तिन्हामा लोखंडना चुरा भरेल शे. मी भुलीच गऊ."

मॅडम रागावल्या नाहीत. वेळच नव्हता. "चूक नंतर बघू. आता मला आत तुमचा हात पाहिजे, त्यांचा पाय धरायला. कधी ऑपरेशन झालंय का? अंगात कुठे धातूची पट्टी, खिळा, मशीन?" नानांनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांचे खिसे रिकामे झाले. किल्ल्यांचा जुडगा, कडदोऱ्याची चावी, पट्टा, शेवटी चुन्याची पत्र्याची डबी. कुंदाबाईंच्या गुडघ्यांखाली मऊ फोमची उशी गेली, त्याने पायाचा ताण सैल झाला. पोटऱ्यांवरून रुंद कापडी पट्टा आला, घट्टही नाही आणि ढिलाही नाही. कानांत बोळे घातले. आणि नाना आत जाऊन पायाशी बसले, दोन्ही तळवे त्या डाव्या पोटरीवर ठेवून.

मी बाहेर मोहिनीच्या मांडीवर. मला कुठे ठेवायचं हे घाईत कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तिने मला उचलून घेतलं. पोरगी माझा एकच कोपरा पिळत होती. आत मशीन धडधडत होतं, मधेच थांबत होतं. थांबलं की मोहिनी श्वास रोखायची आणि मीही. पंचवीस मिनिटं म्हणे. मला ती माझ्या सगळ्या आयुष्यापेक्षा लांब वाटली.

दार उघडलं. नाना घामाने भिजलेले. "साफ फोटू ऊना, पोरी," म्हणाले, आणि तिथेच खाली बसले. मोहिनी मला छातीशी धरून हमसून हमसून रडली. लोखंडाच्या चुऱ्यासकट मला एवढ्या मायेने आजवर कोणी धरलं नव्हतं.

कुंदाबाई त्याच संध्याकाळी धुळ्याला गेल्या.

दुसऱ्या दिवशी नानांनी स्वतःच माझा टाका उसवला. दुखलं. चुरा एका काचेच्या बाटलीत भरून मॅडमनी ती नव्या मदतनिसांना दाखवायला ठेवली, एमआरआयच्या खोलीपासून लांब. मग नाना मला हबीबभाईंकडे घेऊन गेले. "पोट भरण्याआधी मला विचारायचं की, नाना," एवढंच हबीबभाई बोलले. त्यांनी पुन्हा गिरणेची वाळू भरली आणि माझ्या पाठीवर एक पांढरी पट्टी शिवली. तिच्यावर काळ्या दोऱ्याने लिहिलं आहे: 'पोटात नदीची वाळू. फक्त एक्स-रेसाठी. एमआरआयला नेऊ नका.' आता मला हातात घेणारा प्रत्येक जण आधी ती पट्टी वाचतो. नाना तर रोज वाचतात, पाठ झाली आहे तरी.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी तपासणीला गेलं, तर खिशात काय आहे, अंगावर काय आहे, सोबतच्या पिशवीत काय आहे, ते विचारलं की राग मानू नका. कोणी विचारलं नाही, तर तुम्ही आपणहून सांगा. आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना तर जरूर विचारा. आम्ही सांगण्यासाठी किती तळमळत असतो, ते तुम्हाला कळत नाही.

अडीच महिन्यांनी कुंदाबाई पुन्हा आल्या. हातात काठी, मागे मोहिनी, तिच्या डोक्यावर केळ्यांचा घड. नानांनी सवयीने ट्रॉली पुढे ढकलली आणि ब्रेक दाबला. कुंदाबाईंनी ट्रॉलीकडे बघितलंच नाही. मला ठेवलं होतं त्या कपाटापाशी त्या आल्या, माझ्यावरची पट्टी एकेक अक्षर लावत वाचली आणि माझ्या पोटावर हात ठेवला.

"हेच का वं ते?" त्यांनी मोहिनीला विचारलं.

"हाईच," नाना म्हणाले.

मग त्या वळल्या आणि काठी टेकत, एक एक पाऊल टाकत, नौशीन मॅडमच्या दाराकडे चालत गेल्या. वाटेतली पिवळी रेघ दिसली तशा त्या थांबल्या, आणि काठी नानांच्या हातात देऊन म्हणाल्या, "आधी हिले चुंबक लावा."