गोडसर वास

"अगं, हा प्यायलाय!" भालचंद्र धाकट्या भावाच्या तोंडाशी नाक नेऊन म्हणाला. "गोडसर वास येतोय. विलायती असणार."

शशिकलेला वाटलं, हे नाक सांडशीत धरून पिळावं. तीस वर्षं सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या फायली हुंगून रिटायर झालेलं नाक ते! तिच्या नवऱ्यानं, गोपीनाथनं, जन्मात थेंब तोंडाला लावला नव्हता. बरखेड्याला कारखान्यात फिटर होता. जुन्या काविळीनं लिव्हर खाल्लं. पण कोलार रोडच्या या सोसायटीतल्या शहाण्यांना एवढंच ठाऊक, की लिव्हर गेलं म्हणजे दारू.

रिटायर होऊन सहा वर्षं झालेला गोपीनाथ आज उलटा शर्ट घालून दारात उभा होता. "फर्स्ट शिफ्टची बस जाईल," म्हणत होता.

डॉक्टर मंजूषा मॅडमनी त्याला डोकं ताळ्यावर आहे का ते कळावं म्हणून रोज सकाळी वहीत सही करायला लावली होती. आज सहीचं गांडूळ झालेलं. शशिकलेनं ते बघितलं आणि आधी त्याचे पाय तपासले. टाचेला फोड. लालभडक, गरम.

मॅडम म्हणाल्या होत्या, "काकू, लिव्हर थकलं की अंगातल्या पहारेकऱ्यांचं डोकं फिरतं. खरा चोर धरत नाहीत, आणि साध्या फोडावर एवढा दंगा करतात की त्याची झळ मेंदूला लागते. रक्तातली घाण आधीच साचलेली, तोंडाला गोडसर वास येतो तो तिचाच. मग माणूस भरकटतो. उशीर केलात तर बेशुद्ध पडेल. लगेच आणा."

"लिंबूपाणी पाजून झोपव," भालचंद्र म्हणाला. "संध्याकाळपर्यंत उतरेल. दवाखान्यात नेऊन घराण्याची अब्रू काढू नकोस."

जिन्यात समोरचा जितेंद्र खिदळला. "चाचाजी तो सुबह-सुबह टुन्न हैं!"

"भाऊजी, दारातून बाजूला व्हा."

"अगं, लोक बघताहेत!"

"बघू देत. ते लिंबूपाणी तुमच्या अब्रूलाच पाजा." तिनं नवऱ्याचा हात धरला. "चला अहो, बस आली."

तो शहाण्या पोरासारखा रिक्षात बसला.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात त्यानं तिला ओळखलं. मग हळूच म्हणाला, "दारात कोण कोण होतं गं?"

"कोणी नाही."

तेवढ्यात भालचंद्र आला, हातात शहाळं घेऊन. वाकून भावाच्या कानात म्हणाला, "काळजी करू नकोस. मी कुणाला काही बोललो नाही."

खाटेजवळ एकच स्टूल होतं. शशिकलेनं ते ओढलं आणि ऐसपैस बसली. भालचंद्र शहाळं धरून उभा राहिला.