दिवा तर तेवत होता

"बाई, ह्या नळ्या कोठीसाठी हायत. पेवात नका वापरू. पेवात माणूस उतरतो," असं दुकानदार सिद्धनाथ म्हणाला, तेव्हा दाक्षायणीनं त्याच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. कडेवर चार महिन्यांची मुलगी, चैत्राचं ऊन, आणि तिकडं स्टँडवर तिचे वडील, अप्पा, दोनच्या एसटीसाठी ताटकळलेले.

"मी बीएस्सी आहे हो. केमिस्ट्री घेऊन," ती म्हणाली.

"व्हय की. पर पेवात कधी उतरलाय का तुमी?"

असं म्हणत त्यानं औषधाच्या वीस काचेच्या नळ्या कापसात गुंडाळून खोक्यात भरून दिल्या. नळी फोडून धान्यात टाकायची, झाकण लिंपून घ्यायचं, वाफेनं किडा मरतो. एवढं तिला कळत होतं. एवढंच कळत होतं.

तिच्या माहेरी, मंगळवेढ्याला, ज्वारी पेवात ठेवतात. जमिनीत घागरीसारखं खणलेलं, पुरुषभर खोल. तोंड एवढंसं, की माणूस अंग चोरून आत जावा. भरलं की वर दगड, दगडावर माती. त्या ज्वारीला एक आंबूस वास येतो. बाजारच्या ज्वारीला तो नसतो, रेशनच्या परदेशी मिलो ज्वारीला तर नाहीच. पोटुशी असताना दाक्षायणीला डोहाळे लागले ते त्याच वासाच्या भाकरीचे. पण त्या वर्षी पेवात सोंडे किडे पडले, सगळं पीठ झालं. सोलापुरात, भवानी पेठेतल्या तिच्या घरी अप्पा पहिल्यांदाच रिकाम्या हातानं आले आणि उंबऱ्यावरच बसून राहिले. आत या म्हटलं तर म्हणाले, "बसतो हितंच. वारं लागतंय."

आई नव्हती, म्हणून बाळंतपण सोलापुरातच झालं. माहेर पाहून दोन वर्षं झाली होती. भाकरी थापताना तिचा हात मधेच थांबायचा. पिठाला नाक लावून बघायची, आणि मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा थापायला लागायची.

म्हणून तर त्या नळ्या. आणि श्रावणात तिनंच लिहिलं होतं, "अप्पा, पेव कधी उघडताय? भाकरीची फार आठवण येते."

गुरुवारी सकाळी उत्तराचं कार्ड आलं. अप्पांना लिहिता येत नसे. अक्षर शेजारच्या धुळाप्पाचं, बोलणं अप्पांचं. "सोमवारी तोंड उघडलंय. तू सांगितलंस तसा दोन दिवस वारा लागू देतो. गुरुवारी दिवा सोडून बघतो आन उतरतो. शुक्रवारी ज्वारी घिऊन येतो. डबा रिकामा करून ठेव. नातीला सांग, आज्जा येतोय."

तिनं कार्ड दोनदा वाचलं आणि लगेच डबा रिकामा करायला घेतला. रेशनच्या गव्हात तिनंही त्या वीसातलीच एक नळी ठेवून घेऊन फोडली होती. तिनं झाकण काढलं, डबा कलता केला. उभ्या उभ्या तिला कसलाच वास आला नाही. पोर रांगत डब्यापाशी आली, बुडाशी बसली आणि खोकू लागली. खोकला थांबेना. तिला उचलायला दाक्षायणी वाकली आणि गुडघ्याच्या उंचीवर तो वास तिच्या नाकात शिरला. गोडसर. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या क्लोरोफॉर्मसारखा.

पोरीला घेऊन ती अंगणात धावली, आणि तिथं, पोरीची पाठ चोळता चोळता, तिच्या डोळ्यांपुढं पेव उभं राहिलं.

ही वाफ हवेपेक्षा कितीतरी जड. ती वर येत नाही, खाली बसते. डब्यातनं ती जमिनीवर उतरली. पेवातनं कुठं उतरणार? दोन दिवस काय नि आठ दिवस काय, घागरीच्या तळाशी ती तशीच पडून राहणार. आणि दिवा? कोंदट हवेत दिवा विझतो, म्हणून आजवर पेवात आधी दिवा सोडत आले. ह्या वाफेला दिव्याशी देणंघेणं नाही. आत विष असतानाही दिवा नीट तेवणार, आणि अप्पा निर्धास्त उतरणार.

तार पोचायला संध्याकाळ झाली असती. ती टांगा करून स्टँडवर गेली. दहाच्या गाडीचा कंडक्टर रावजी ओळखीचा होता, बापलेकींची गाठोडी तोच पोचवायचा.

"आज काय न्यायचंय आप्पांस्नी?"

"निरोप. पेवात उतरू नका म्हणावं. दिवा पेटला तरी."

"दिवा पेटल्यावर काय झालं मग?" रावजीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि थट्टा सोडून दिली. "सांगतो. पर तुमीच चला की. म्हातारं माझं ऐकायचं न्हाय."

तिनं गाडीच्या पायरीवर पाय ठेवला. पोर पुन्हा खोकली, ओठ निळसर वाटले. तिनं पाय खाली घेतला आणि डॉक्टरांकडं धावली.

गाडी साडेबाराला पोचली. अप्पा अकराला उतरले होते.

सहा पाट्या वर आल्या. सातव्या वेळी दोर ढिलाच राहिला. धुळाप्पानं हाका मारल्या, चौघांना गोळा केलं. नाकातोंडाला ओला पंचा बांधून एक जण श्वास रोखून उतरला, काखेत दोर घालून त्यांना वर काढलं. अप्पा वाचले. चार दिवस ओकत होते, पंधरा दिवस दवाखान्यात होते. दाक्षायणीचा नवरा विरुपाक्ष गिरणीतनं रजा काढून जाऊन आला. अप्पा तिला अक्का म्हणत. त्यांचं एकच वाक्य त्यानं आणलं, "दिवा तर तेवत होता की, अक्काला सांगा."

पोर बरी झाली. पण छाती नाजूक आहे, थंडी सरेपर्यंत प्रवास नको, असं डॉक्टर म्हणतात. अप्पांना एसटीची पायरी चढली तरी धाप लागते. पन्नासेक किलोमीटरचं अंतर, आणि दोन्हीकडं दोघं खिळलेले.

वर आलेली ज्वारी त्यांनी रावजीबरोबर पाठवून दिली. दाक्षायणीनं पोत्याचं तोंड सोडलं. तोच आंबूस वास, आणि त्याच्या खाली तो गोडसर. तिनं पोतं पुन्हा बांधलं. मग विरुपाक्षला सांगून गावाबाहेर खड्डा घेतला आणि सगळी पुरून टाकली.

विसातली एक नळी तिनं वापरली होती, तेरा अप्पांनी. उरलेल्या पुरून टाका, म्हणून तिनं तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं, "ठेवल्यात जपून कोनाड्यात. तू दिलेल्या हायत."

तेव्हापासून तिकडं निघालेल्या प्रत्येकाला ती थांबवते. तुम्हीही कधी मंगळवेढ्याला उतरलात, तर तिचं तुम्हालाही एवढंच मागणं आहे. निंगप्पांचं, म्हणजे अप्पांचं, घर विचारा, कुणीही दाखवील. त्यांची धाप कमी झाली का ते बघा. आणि पाणी पिता पिता चुलीवरच्या कोनाड्याकडं नजर टाका. सहा नळ्या अजून तिथं आहेत का, तेवढं कळवा.