पाहुण्यांसाठी घासलेला दगड

आमच्या सुलतानपूरच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक काळा दगड आहे, बसलेल्या म्हशीएवढा. त्याच्यावर पांढरं कवच चढलेलं होतं. आजोबांपासून सगळ्यांनी त्याला टेकून भाकरी खाल्ली आणि हात झटकून उठले, कोणाला काही सुचलं नाही. माझी बहीण मंजुश्री पुण्याला शिकायला गेली आणि तिला सुचलं.

तिचं म्हणणं असं. पाणी दगडात मुरतं, उन्हाने आटतं आणि मागे चुनखडी ठेवून जातं. असे थर एकावर एक बसतात. ते नीट वाचले की ओल कधी टिकली आणि कोरडं कधी पडलं, हे कळतं. मंगळावरही आमच्या शेजारच्या लोणारसारखाच काळा दगड आहे आणि त्यातही अशी खनिजं सापडली आहेत. तिथे कधीकाळी पाणी होतं, हे त्यांच्यावरूनच समजतं. तिकडे जाणं जमण्यासारखं नाही, म्हणून आधी आमचा दगड.

तिच्या गाइड प्रतिमा मॅडम तो स्वतः बघायला येणार होत्या. पटला तर मंजुश्रीचा संशोधनाचा विषय पक्का. नाही तर दुसऱ्या कोणाचे तरी आकडे घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायचं. दगडाचा हा विषय तिने सगळ्यांशी भांडून धरला होता.

मी आणि मंजुश्री मॅडमना आणायला लोणारला गेलो. इकडे मायने घर सारवलं, अंगण झाडलं. मग तिच्या लक्षात आलं, पाहुणे घर बघायला येतच नाहीयेत.

आम्ही शेतात पोचलो तेव्हा दगड काळाभोर चमकत होता. शेजारी बादली, तारेची घासणी आणि पिळलेल्या लिंबांचा ढीग.

"माय, हे काय केलं?" मंजुश्री दगडाकडे धावली.

"पाहुणे येऊन राह्यले न बाई. केवढा मळ होता त्याच्यावर! लिंबू लावलं त फेस येऊन निंघाला."

मला हसू आलं नाही, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. मी ओरडलोच, "काऊन हात लावला तू? पोरीचं सगळं धुऊन टाकलं न!"

मायला आयुष्यभर एकच धाक. बाहेरच्या माणसाने आपल्या दारात नाक मुरडू नये. पूर्वी ज्यांनी मुरडलं, त्यांची नावं तिला अजून पाठ आहेत.

मॅडमनी चष्मा पुसला आणि दगडाला वळसा घालून बाभळीच्या काट्यांकडे निघाल्या.

"तिकडं नका जाऊ मॅडम!" माय आडवी आली. "तिकून नाही घासला. म्हटलं, मांगून कोण पाह्यते. लय घाण हाय तिकडं."

मॅडम काट्यांत शिरल्या. ओढणी फाटल्याचा आवाज आला. मग त्यांनी बाटलीतून दगडाच्या मागच्या अंगावर ॲसिडचा थेंब टाकला. फेस आला.

"मंजुश्री, मागचे थर शाबूत आहेत," त्या आतूनच म्हणाल्या. "विषय हाच राहू दे."

माय माझ्याजवळ सरकली. "म्हंजे ह्या पुण्याहून घाणच पाह्याले आल्या?"

"हाव," मी म्हटलं.

घासणीने तिचे तळवे सोलले होते, त्यात लिंबू झोंबत होतं आणि ते हात तिने पदराखाली लपवले होते. मंजुश्रीने ते ओढून बाहेर काढले आणि बादलीतल्या पाण्यात धरून हळूहळू धुऊ लागली. विषय पक्का झाला तेव्हा ती रडली नव्हती. आता रडली.

मॅडम काट्यांतून बाहेर येऊन समोर उभ्या होत्या. तरी मायने हात मागे घेतले नाहीत.