पायरी आत!

एकोणीसशे ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात माझी बाकं उपटली गेली आणि मी बसची घरगाडी झाले. मित्रांनो, आज तुम्ही मला शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात उभी बघता. माझ्यात बसून गोष्टींची पुस्तकं वाचता आणि माझ्या स्टिअरिंगवरून आपसात भांडता. ते चाक आता कशालाच जोडलेलं नाही हे ठाऊक असूनही भांडता. भांडा, त्याला सवय आहे. पण माझ्या दाराशी जे लाकडी स्टूल असतं, ज्यावर पाय ठेवून तुम्ही आत येता, त्याला तुमच्या बाई 'पायरी' का म्हणतात, हे तुमच्यापैकी एकानेही अजून विचारलेलं नाही. म्हणून मीच सांगते.

मी आधी साधी प्रवासी बस होते. माणसं, पिशव्या, कोंबड्या, एकदा तर एक लोखंडी पलंगसुद्धा, सगळं मी वाहिलं. मग इंजिन धापा टाकू लागलं, पत्रा सडला आणि मला डेपोच्या मागच्या भिंतीशी उभं करण्यात आलं. तिथे उभ्या राहिलेल्या गाड्या पुढे कुठे जातात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण त्या डेपोतल्या एका मेकॅनिकने माझं इंजिन इतक्या वेळा उघडलं होतं, की ते भंगारवाल्याच्या हाती जाताना त्याला बघवेना. त्याने मला घरी आणलं.

त्याची बायको शिवणकाम करायची. मशीनवरून उठून ती दारात आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"अहो, घरात इस्त्रीचं टेबल ठेवायला जागा नाही, आणि तुम्ही बस घेऊन आलात?"

"घरात जागा नाही म्हणून तर आणली," तो म्हणाला.

ती हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्या खिडक्यांची मापं घ्यायला तीच चढली. पुढे मी त्या दोघांना त्यांच्या मुलांसारखंच आई आणि बाबा म्हणू लागले. आईचा धाकटा भाऊ सुतार होता. मुलांचा मामा. त्याने माझ्या पोटात वर-खाली झोपायच्या फळ्या बसवल्या, कपाटं केली, घडीचं टेबल केलं. आईने पडदे शिवले आणि प्रत्येक पडद्याला खिसे लावले. माझं लोखंडी पायदान गंजून गळून पडलं होतं. त्यामुळे दार जमिनीपासून फारच उंच राहिलं. मामाने उरलेल्या लाकडातून एक भक्कम स्टूल ठोकलं, त्याला दोरी बांधली आणि सांगितलं, "ही घ्या तुमची पायरी. उतरताना बाहेर टाकायची, निघताना आत ओढायची."

"आणि विसरलो तर?" बाबांनी विचारलं.

"तर पुढच्या मुक्कामाला उड्या मारा, भाऊजी. पोट जरा कमी होईल."

विसरायचा प्रश्न येऊ नये म्हणून बाबांनी डेपोतली एक पद्धत आणली. तिथे दुरुस्त झालेली बस बाहेर काढण्याआधी एकजण मोठ्याने विचारतो आणि ज्याने ते काम केलं असेल त्यानेच उत्तर द्यायचं असतं. सगळी उत्तरं आल्याशिवाय चाक हलत नाही. घरच्या माणसांनाही अशीच कामं वाटली गेली. गॅस मामाकडे, कपाटाच्या कड्या आईकडे, दाराचा बोल्ट ताईकडे. ताई आठ वर्षांची होती. शेंडेफळ होता ढब्बू. तो नुकताच पाचवीत पडला होता, म्हणजे पाचव्या वर्षात हो, इयत्तेत नाही. त्याला पायरी मिळाली. ती त्याच्या छातीइतकी होती, तरी तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. दोरी ओढून ती आत घ्यायचा, दारामागच्या कोपऱ्यात सरकवायचा आणि बाबांनी "पायरी?" म्हणताच घसा फाटेस्तोवर ओरडायचा, "आत!"

मुलांनी समुद्र पाहिला नव्हता. म्हणून त्या सुट्टीत आम्ही समुद्राकडे निघालो.

पहिले काही दिवस सगळे अगदी मन लावून उत्तरं द्यायचे. मग सवय झाली. मामाला तर इतकी झाली, की एका दुपारी तो घोरत पडला होता, बाबांनी पुढून "गॅस?" विचारलं, आणि त्याने डोळेही न उघडता "बंद!" म्हणून घोरणं पुढे चालू केलं. सगळे पोट धरधरून हसले. मीही हसले असते, पण माझ्या मनात आलं, की हे उत्तर मामाने दिलेलं नाही, त्याच्या सवयीने दिलंय.

समुद्र एका दिवसावर आला तेव्हा आम्ही एका तळ्याकाठी थांबलो. गाड्या लावायला मोकळी जागा, प्रवेशाशी एक पत्र्याचं खोपट, त्यात राखणीला बसलेल्या एक बाई आणि खोपटामागे एक नळ. आईने कपडे धुतले आणि वाळले नाहीत म्हणून माझ्या पोटात आडव्या दोरीवर टांगले. ताई टेबलावर समुद्राचं चित्र काढत होती. न पाहिलेल्या समुद्राचं, निळ्या खडूने. ढब्बू तळ्याच्या चिखलात खेळून आला आणि "मी जहाज काढतो" म्हणत त्याने चित्रावर हात ठेवला. पाची बोटं उमटली.

"शी! माझं चित्र! जा इथून. कट्टी. हात धुतल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."

"एकच बोट लागलंय."

"पाच लागलीत! मोजता तरी येतं का तुला?"

ढब्बूला रडू आलं, पण तो रडला नाही. तो खाली उतरला. नळ त्याच्या डोक्यापेक्षा उंच होता हे त्याला आधीच्या फेरीत कळलेलं होतं. म्हणून त्याने पायरी उचलली, डोक्यावर घेतली आणि खोपटामागे गेला. हे फक्त मी पाहिलं.

मित्रांनो, पुढचं सगळं साध्या साध्या गोष्टींनी झालं. आत माश्या येऊ लागल्या म्हणून आईने दार लोटून घेतलं आणि ती पुढे बाबांच्या शेजारी नकाशा घेऊन बसली. पुढचे आणि मागचे यांच्यामध्ये ओले कपडे लोंबत होते. मामा आडवा झाला होता. ढब्बू रुसला की वरच्या फळीवर जाऊन पडदा ओढून घ्यायचा. त्या फळीवरचा पडदा आताही ओढलेला होता आणि त्याच्या आड गुंडाळून ठेवलेल्या रजईचा फुगवटा दिसत होता.

"गॅस?" बाबा ओरडले.

"बंद!"

"कपाटं?"

"कड्या लावल्या, चला."

"पायरी?"

उत्तर आलं नाही. ताईने वर पडद्याकडे पाहिलं. 'बसलाय फुगून,' तिने ठरवलं. आता बाबा मागे येणार, काय झालं विचारणार, चित्राची भानगड निघणार. तिने आवाज बारीक केला आणि अगदी त्याच्यासारखं ओरडली.

"आत!"

"दार?"

"बंद!" हे तिने स्वतःच्या आवाजात म्हटलं आणि बोल्ट सरकवला.

पायरी आत आली, की दारामागच्या पत्र्याला तिचा एक ठोका बसतो. त्या दिवशी तो बसला नव्हता. मला कळत होतं. पण माझा हॉर्न बाबांच्या हाताखाली आणि माझे ब्रेक त्यांच्या पायाखाली. मी निघाले.

बरंच अंतर गेल्यावर रेल्वेचं फाटक लागलं. ते बंद होतं. मुलांना जवळून आगगाडी दाखवावी म्हणून आई कपडे बाजूला सारत मागे आली. तिने बोल्ट काढला, दार उघडलं आणि रोजच्या सवयीने खाली न बघता पाय टाकला. पायाखाली काहीच आलं नाही. दांडा हातात होता म्हणून ती लोंबकळली, पडली नाही.

"अगं बाई! पायरी कुठाय? ढब्बू, अरे तूच म्हणालास ना, आत?"

ताई उभी राहिली. तिने वरचा पडदा ओढला. रजई होती.

"आई," ती म्हणाली, "ते मी म्हटलं होतं."

आगगाडी आली आणि गेली. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मामा उठून बसला होता आणि उगाचच फळीखाली, कपाटात, टेबलामागे शोधत होता. इतका मोठा मुलगा कपाटात सापडेल असं त्यालाही वाटत नव्हतं. आई एकच वाक्य म्हणत होती, "तिथे तळं आहे हो. अहो, तिथे तळं आहे."

बाबांनी लगेच इंजिन सुरू केलं. मागे गाड्यांची रांग लागलेली, रस्ता अरुंद. मामा खाली उडी मारून एकेका गाडीच्या खिडकीशी धावला. "दादा, जरा मागे घ्या. आमचं पोर राहिलंय." कुणी कुरकुर केली नाही. बाबांनी मला मागेपुढे करत फिरवलं. एरवी माझा गिअर खरखरला तरी कळवळणारा तो माणूस मला त्या दिवशी खड्डेसुद्धा न चुकवता हाणत होता. माझं सगळं अंग खिळखिळं झालं. मी तक्रार केली नाही. वाटेत ताई दाराशी बोल्ट धरून उभी होती. "बस खाली," मामाने सांगितलं. ती बसली नाही.

तळ्याकाठी पोचलो तेव्हा मोकळ्या जागेत उन्हात एक छत्री उघडलेली दिसली. छत्रीखाली त्या खोपटातल्या बाई उकिडव्या बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी, माझ्या चाकांच्या खुणांजवळ, जिथे माझं दार होतं त्या जागी पायरी ठेवलेली होती. पायरीवर ढब्बू बसला होता.

बाबांनी मला हळूहळू त्याच खुणांवर घेतलं. दार पायरीसमोर आलं. ढब्बू उठला, पायरीवरची माती हाताने झाडली आणि बाजूला झाला. आईला उतरता यावं म्हणून.

आई उतरली की कोसळली, ते मला नीट सांगता येणार नाही. तिने त्याला उचललं ते पुष्कळ वेळ खाली ठेवलंच नाही.

"अहो, केव्हाची बोलावतेय," त्या बाई सांगत होत्या. "आत सावलीत ये म्हटलं, पाणी पी म्हटलं. जागचा हलेल तर शपथ! म्हणतो, 'गाडी परत इथेच लागणार. पायरी नसली तर माझी आई उतरेल कशी?' मग मीच येऊन बसले इथे छत्री घेऊन. काय पोरगं आहे!"

"तुम्ही किती उशीर केलात," ढब्बू आईच्या खांद्यावरून म्हणाला. "मला शू लागलीय. कधीची."

आता त्याच्या गालांवर वाळलेले ओघळ दिसत होते. तो रडला होता, पण जागेवर बसून. ताई दारातच उभी होती. ना उतरत होती, ना आत जात होती. ढब्बूने तिला पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले, आधी पालथे, मग उताणे.

"ताई, धुतले."

तेव्हा ताई रडली. इतकी, की तिला गप्प करायला ढब्बूलाच खाली उतरावं लागलं.

त्या दिवशी कुणी कुणाला रागावलं नाही. दुसऱ्या सकाळी निघताना मात्र बाबा चाकाशी बसले नाहीत. पुढून मागे चालत आले, प्रत्येकाच्या समोर थांबले आणि तोंडाकडे बघून विचारू लागले.

"भाऊजी, पोलीस झालात की काय?" मामा म्हणाला. "गॅस बंद. आवाज ऐकू येत नाही का?"

"मला आवाज नको," बाबा म्हणाले. "तोंड दाखवा."

मामाने निमूटपणे पांघरूण बाजूला केलं आणि उठून पुन्हा एकदा गॅस बघून आला.

समुद्र पाहिला. तो ताईच्या चित्रापेक्षा बराच मळकट निघाला. ताईने ते चित्र फाडलं नाही. पाच बोटांचं जहाज करून तिने ते माझ्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं. खडू आता पुसट झाला आहे, पण बोटं अजून दिसतात. उघडून बघा.

त्यानंतर पुष्कळ सुट्ट्या झाल्या. मग मुलांच्या परीक्षा आल्या, नोकऱ्या आल्या. माझी चाकं बसली, काचांवर वेल चढला, आणि वाट विचारणाऱ्यांना लोक "त्या पडक्या बसपासून डावीकडे" असं सांगू लागले. त्या वर्षांबद्दल मी फार बोलत नाही.

मामा म्हातारा होऊन गेला. झोपेत गेला, आणि आई म्हणाली की त्याला तेच आवडलं असतं. बाबांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे ते सगळ्यांच्या तोंडाकडेच बघतात. आई अजूनही कुठल्याही गाडीतून उतरताना आधी खाली पाहते. त्या छत्रीवाल्या बाईंना आईने एक झगझगीत फुलाफुलांचं झबलं, म्हणजे त्यांच्या नातीसाठी, शिवून पाठवलं होतं. पुढचं मला माहीत नाही. ढब्बू इमारतींना लिफ्ट बसवतो. लिफ्ट आणि मजला यांच्यात बोटभर फरक राहिला तर तो कामगारांना घरी जाऊ देत नाही. का, ते त्याने कुणाला सांगितलेलं नाही.

आणि ताई तुमच्या शाळेत शिकवू लागली. वेलाखालून मला तिनेच ओढून काढलं, रंग दिला, मामाच्या फळ्यांवर पुस्तकं मांडली आणि तुमच्या मैदानात आणून उभं केलं. मित्रांनो, पायरी ओढत नेऊ नका. तिचा एक पाय हलतो, दोघांनी मिळून उचला. शेवटी उतरणाऱ्याने ती आत ठेवावी.

आणखी एक. तुमच्या बाई हजेरीला इतका वेळ लावतात, म्हणून तुम्ही कुरकुरता हे माझ्या खिडक्यांपर्यंत ऐकू येतं. मागच्या बाकावरून कुणीतरी शेजाऱ्याच्या नावाला बारीक आवाजात 'हजर' म्हणतं, तेही ऐकू येतं. असं करू नका. त्या नाव पुकारतात, मान वर करतात आणि थांबतात. तेवढा वेळ त्यांना द्या. आपलं तोंड त्यांना दिसू द्या.