निर्धास्त जा

"नीट आवळ हं, पोरी. चाकाच्या नटांच्या बाबतीत मी कुणावर विश्वास टाकत नाही," मालक म्हणाले, आणि चाकाशी बसलेल्या तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पंक्चर काढायला ते तिच्या टपरीपाशी गाडीतून उतरले तेव्हाच तिने त्यांना ओळखलं होतं. तिचा दादा यांच्याच गॅरेजात कामाला होता. एकदा गाडी जॅकवर असताना त्याने नट हाताने बसवले, तेवढ्यात मालकांनी त्याला दुसऱ्या गाडीकडे पिटाळलं. "जा तू, हे मी आवळतो." आणि आवळायचं विसरले. ते चाक भर रस्त्यात निखळलं, गिऱ्हाईक पायाने अधू झालं, आणि मालक सगळं खापर दादाच्या डोक्यावर फोडून नामानिराळे राहिले. खरं काय ते दादा शेवटपर्यंत सांगत होता. ऐकणारी ती एकटीच. पुन्हा कुणी त्याला कामावर घेतलं नाही. तो खंगून गेला, त्याचा पाना तेवढा तिच्याकडे उरला.

आताही चाक जॅकवर होतं आणि नट नुसते हाताने बसवलेले. सूड घ्यायला काही करायचंच नव्हतं, इतकं ते सोपं होतं.

"मालक, तुमच्याकडे माझा दादा होता. त्या दिवशी नट कोण आवळणार होतं?"

मालकांचा चेहरा खर्रकन उतरला. "तू त्याची धाकटी होय? अगं, जुनं कशाला उकरतेस? हलगर्जी होता बिचारा, पण मनाने चांगला."

एवढं बोलून ते पाठ फिरवून लांब सावलीत जाऊन उभे राहिले.

हलगर्जी! तिने जॅक उतरवला. चाक जमिनीला टेकलं. तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने पाना लावला. दादाने शिकवल्याप्रमाणे एक नट, मग त्याच्या समोरचा, अंगाचा भार देऊन, आणि पुन्हा एक फेरी. दादाच्या पान्याला आता कुणी बोल लावायला नको होता.

काम झालं की दादा चाकावर थाप मारून म्हणायचा, "निर्धास्त जा." तिने थाप मारली नाही.

"झाले ना घट्ट?" मालकांनी येऊन विचारलं.

ती हात पुसत राहिली.

"अगं, बोल की! आवळलेस ना सगळे?"

"माझ्या दादाला कुणी एवढं विचारलं होतं?"

गाडी गोगलगायीच्या चालीने निघाली आणि कोपऱ्यावर थांबली. मालक उतरले, डिकीतून पाना काढून पांढऱ्या पँटीनिशी धुळीत गुडघ्यांवर बसले. एकेक नट ओढून पाहिला. एकही हलला नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तिला बरं वाटलं. खोटं कशाला, फारच बरं वाटलं. घरी पोहोचेपर्यंत प्रत्येक खड्ड्याला त्यांचा जीव असाच टांगणीला लागणार होता. दादा असता तर इथूनच ओरडून म्हणाला असता, "बसलंय मालक, निर्धास्त जा!" तसा मूर्खच होता तो.

शब्द तिच्याही ओठांपर्यंत आले होते. ते तिने गिळले, पाना पुसून खिळ्याला अडकवला आणि डोळ्यांना पदर लावला. कोपऱ्यावर मालक अजून गुडघ्यांवरच होते.