सात नंबरची निवांत रोपं

पाइनच्या खोडात सूतकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा सूक्ष्म किडा, शिरला की झाड घाबरतं, आणि घाबरलेलं झाड मूर्खासारखं वागतं. बचावाची सगळी जनुकं पहिल्याच दिवशी एकदम जागी होतात. झाड स्वतःच्याच पाण्याच्या वाटा बुजवतं आणि महिन्या-दोन महिन्यांत उभ्याउभ्या वाळतं. घरात साप निघाला म्हणून घरच पेटवून द्यायचं, त्यातला प्रकार! जी झाडं तगतात ती बेतानं वागतात. असं झाड शोधणं हे आमच्या प्रयोगशाळेचं काम, आणि रोपांना कृमी टोचणं हे माझं.

टेकडीवरची बहुतेक पाइन वाळली होती. आम्ही नंबर दिलेल्या झाडांपैकी सात नंबर मात्र हिरवंगार. ते पहिल्यांदा दाखवलं माझ्या बाबांनी. तीस वर्षं तिथे वनरक्षक होते. "हातच्या काकणाला आरसा कशाला? हेच ते झाड," म्हणाले. त्याच्या बियांची रोपं आम्ही तपासली. एकही वाळलं नाही, जनुकं अगदी निवांत. प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या मोठ्या मॅडमनी अहवाल पाठवला आणि आदेश निघाला: रोग पसरू नये म्हणून टेकडीवरची बाकी सगळी झाडं पाडून जाळायची, आणि सातची रोपं लावायची. पाडापाडी सुरू झाली, आणि पाडायच्या झाडांवर खुणा करायला बाबांना मानानं बोलावलं. निवृत्तीनंतर इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते.

मंगळवारी दुपारी मी जनुकांचे आलेख लावत बसले होते. तुलनेसाठी काही रोपांना आम्ही नुसतं पाणी टोचतो. त्यांचा आलेख सातच्या आलेखावर ठेवला, तर रेघ रेघेवर बसली. माझी पाचावर धारण बसली. कृमी ट्यूबच्या तळाशी जाऊन बसतात, म्हणून प्रत्येक थेंबाआधी ट्यूब हलवायची असते. सातची रोपं टोचताना ताईचा फोन आला होता. फोन खांद्यानं कानाशी धरून मी तिच्या सासूची गाऱ्हाणी ऐकत होते, आणि चाळीस रोपांना वरवरचं, कृमी नसलेलं पाणी टोचत होते. ट्यूब एकदाही हलवली नव्हती.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. पण संध्याकाळी बाबा जेवताना टेकडीबद्दल बोलत सुटले आणि माझी जीभ उचलेना. आधी पुन्हा तपासू, मग बोलू, असं मनाला समजावत मी बुधवारही घालवला. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय. लाज वाटत होती, इतकंच खरं.

गुरुवारी सकाळी मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

"तेवीस नंबरच्या झाडाचा आलेख काढ," त्या म्हणाल्या.

तेवीसच्या रोपांना कृमी नीट टोचले गेले होते. तरी निम्मी जगली होती, जनुकं बेतानं जागी झाली होती. सातपुढे ती फिकी वाटली म्हणून आम्ही बाजूला सारली, तपासणीसाठी मुळासकट कुटून संपवली. मॅडमनी लगेच फोन करून पाडापाडी थांबवली. मी घरी धावले.

बाबा मोरीत हातावरचा रंग घासत होते. मी सगळं सांगितलं. सात खरंच टिकाऊ आहे की कृमी अजून तिथवर पोचलेलेच नाहीत, हे कुणालाच माहीत नाही, हेही सांगितलं.

"आता तेवीसच्या फांद्या हव्यात, बाबा. कलमं करता येतील."

"तेवीस? ओढ्याकडचं?" त्यांनी नळ बंद केला. "ते पाडलं."

"फांद्या तरी असतील ना?"

"नाही गं. पाडलं की त्याच दिवशी जाळायचं, नियमच आहे." मग माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तुला हे कळलं कधी?"

मी 'आज' म्हणाले असते, तर त्यांनी विश्वास ठेवला असता.

"मंगळवारी."

त्यांनी पंच्याला हात पुसले.

"तेवीस काल दुपारी पाडलं," ते म्हणाले. "खूण मीच केली होती."